चौथ्या पातळीवर थांबलेली यादी

पडेगावच्या आमच्या सोसायटीत मला 'कॉम्प्युटरवाल्या काकू' म्हणतात. कुणाचा प्रिंटर अडकला, कुणाचा मोबाइल तापला, कुणाच्या नातवाचा फॉर्म ऑनलाइन भरला जात नसला, की आमच्या दाराची बेल वाजते. मी तीस वर्षं प्रोग्राम लिहिले, यंत्रं दुरुस्त केली नाहीत, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी चक्क मिक्सर आणला. "यात पण चिप असते म्हणतात," म्हणाले. मी भांडं काढून खाली अडकलेली शेंगदाण्याची फोलपटं साफ केली आणि मिक्सर चालू झाला. आता पुढच्या आठवड्यात कोण काय घेऊन येईल, देव जाणे.

त्यामुळे या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या कामाबद्दल लिहा, पण लोकांना कळेल असं' म्हटलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. जे घरच्यांना तीस वर्षांत कळलं नाही ते वाचकांना चार पानांत कुठून कळणार? मग वाटलं, एक गोष्ट सांगायची राहिली आहे. मी कुठल्या कंपनीत किती वर्षं काढली, याची जंत्री देत नाही. माझ्या एकाच प्रोग्रामबद्दल सांगते. तो जेमतेम साठ ओळींचा होता आणि मला त्याचा फार अभिमान होता.

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाचं आवडतं वाक्य एकच असतं, 'मॅडम, सगळं दिसलं पाहिजे.' सगळं म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की मीच मठ्ठ असल्यासारखं बघतात. बिडकीनला करीमशेठचं मोटारपंपांचं दुकान होतं. तिकडे उद्योगांसाठी जमिनी जायला लागल्या होत्या, शेतांचे प्लॉट पडत होते आणि जो तो बोअर घेत होता. जमिनीतलं पाणी खाली खाली जात होतं, तसे करीमशेठच्या दुकानातले पंप मोठे होत होते. त्यांना दुकानासाठी प्रोग्राम हवा होता.

"ऐसा करो मॅडम," ते म्हणाले, "पंप खोलला तर मोटार दिसायला पाहिजे. मोटार खोलली तर वायंडिंग. वायंडिंगची तार किती नंबरची, वायसर कोनसा, सब दिसायला पाहिजे. कुछ छुपना नक्को."

अडचण अशी होती, की प्रत्येक पंपाची आतली रचना वेगळी. प्रत्येकासाठी वेगळा प्रोग्राम लिहायचा तर माझी पेन्शन बिडकीनलाच झाली असती. पण आमच्याकडे एक युक्ती असते. चालू असलेला प्रोग्राम आपल्याच पोटातल्या वस्तूला विचारू शकतो, की बाई गं, तुझ्यात काय काय आहे? याला आम्ही रिफ्लेक्शन म्हणतो. पंपात काय असतं हे लिहिणाऱ्याला आधी ठाऊक असायची गरज नाही. प्रोग्राम पंपाला विचारतो आणि पंप आपले कप्पे दाखवतो, नाव, अश्वशक्ती, मोटार. नाव आणि अश्वशक्ती ही साधी माहिती, ती छापून टाकायची. मोटार मात्र स्वतःच एक भरलेला डबा. मग जे पंपाशी केलं, तेच मोटारीशी करायचं. तिच्यात वायंडिंग निघालं, की तेच पुन्हा वायंडिंगशी. म्हणजे प्रोग्राम स्वतःलाच हाक मारतो, आतला डबा स्वतःच्याच हातात देतो आणि म्हणतो, आता हा उघड. हे रिकर्शन. घर बदलल्यावर आपण सामान लावतो तसंच ते. खोक्यात डबा, डब्यात पिशवी, पिशवीत पुडी. पुडीत नुसती हळद निघाली, की थांबायचं आणि मागच्या खोक्याकडे वळायचं.

हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी इतकी खूश होते, की नवऱ्याला समोर बसवून सगळं समजावलं. ते "छान" म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

करीमशेठच्या दुकानात मी बटण दाबलं आणि एका पंपाची साडेतीन पानं बाहेर आली. वायसरचा बाहेरचा व्यास, आतला व्यास, रंग, सगळं. करीमशेठनी ती पानं हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

"ये क्या हो मॅडम? इतकं वाचेपर्यंत गिऱ्हाईक पळून जाईल ना!"

"अहो, सगळं पाहिजे म्हणाला होतात."

"सगळं म्हणजे इतकं सगळं नै हो. ऊपर ऊपर का दिखाओ. अंदर का रहने दो."

कपाळाला हात लावण्यापलीकडे मी काय करणार? प्रोग्राममध्ये मी एका आकड्याची जागा केली. किती पातळ्या आत जायचं, तो आकडा तिथे टाकायचा. करीमशेठसाठी दोन टाकला. त्यांनी खूश होऊन चहा मागवला आणि मी तो साठ ओळींचा प्रोग्राम पुढच्या कामांसाठी जपून ठेवला, त्या आकड्याच्या जागेसकट.

मग सलग दुष्काळाची वर्षं आली. शहर चारी बाजूंनी वाढत होतं आणि नळाला पाणी कितव्या दिवशी येणार, ते बघून लोक पाहुण्यांना बोलवत होते. खेड्यांचा सगळा भार टँकरवर होता. कुठल्या गावाला, कुठल्या वस्तीला किती माणसांमागे किती खेपा, याच्या याद्या एका सरकारी कचेरीत तयार व्हायच्या आणि ते काम आमच्या छोट्याशा कंपनीला मिळालं. आमचे मालक मुळेसाहेब. त्यांनी मला तीन महिने त्या कचेरीतच बसायला पाठवलं. तिथे टंचाईचं काम ढाकणेसाहेबांकडे होतं. माणूस भला, पण सतत कुणाच्या तरी फोनला 'हो साहेब, हो साहेब' करून पार पिचलेला. कचेरीतले कॉम्प्युटर आणि प्रिंटर सांभाळायला नईमभाई होते. त्यांचे निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते आणि ते कशालाच घाबरत नसत.

"मॅडम," ढाकणेसाहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "यादीत सगळं दिसलं पाहिजे."

मी मनात हसले. माहिती तशीच होती, डब्यात डबा. तालुक्यात मंडळं, मंडळात गावं, गावात वस्त्या आणि त्या त्या गावाला लावलेला टँकर. तलाठ्यांनी ती भरून पाठवली होती. मी बिडकीनचा प्रोग्राम काढला, आकड्याच्या जागी 'पार तळापर्यंत' असं सांगितलं आणि नईमभाईंना प्रिंटर चालू करायला लावला.

दहा मिनिटांनी नईमभाई आले.

"मॅडम, ये रुकताच नै. खांबगव्हाण, टँकर, खांबगव्हाण, टँकर, खांबगव्हाण. पूरा रिम खाऊन टाकला इसने!"

मी धावत गेले. जमिनीवर कागदांचा ढीग पडला होता आणि प्रत्येक पानावर तेच गाव. चूक लगेच लक्षात आली. पंपात मोटार असते, पण मोटारीत पुन्हा पंप नसतो. इथे मात्र गावाच्या डब्यात टँकर होता आणि टँकरच्या डब्यात, तो कुठे जातो हे सांगायला, गाव होतं. प्रोग्राम गाव उघडायचा, त्यात टँकर, टँकर उघडायचा, त्यात गाव. शेवटी त्याचीच दमछाक झाली आणि तो कोसळला. नईमभाईंनी पाठकोरे कागद उचलून कपाटात ठेवले. म्हणाले, निवृत्तीपर्यंत कच्च्या कामाला पुरतील.

यावरचा खरा इलाज मला माहीत होता. उघडलेल्या प्रत्येक डब्याची प्रोग्रामने नोंद ठेवायची आणि तोच डबा पुन्हा समोर आला, की न उघडता पुढे जायचं. मी म्हटलं, एक दिवस लागेल. ढाकणेसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. तासाभरात मोठ्या साहेबांची बैठक होती. त्यांनी मुळेसाहेबांना फोन लावला आणि मुळेसाहेबांनी मला.

"अहो, किती पातळ्या आहेत? तालुका, मंडळ, गाव, वस्ती. चार ना? मग चारवर थांबवा. त्यात काय एवढं?"

सल्ला त्यांचा होता, पण कीबोर्डवर हात माझे होते. त्या आकड्याच्या जागी मी चार टाकला. शेजारी प्रोग्राममध्येच एक शेरा लिहिला, 'तात्पुरतं'. आमच्या धंद्यातला हा सगळ्यात खोटा शब्द आहे. यादी झकास निघाली, बैठक पार पडली, सही-शिक्का झाला आणि टँकर सुटले. त्या 'तात्पुरतं'कडे मी पुन्हा वळून पाहिलं नाही. रोज नवीन काहीतरी निघत होतं. एकाला वस्त्या अकारविल्हे हव्या होत्या, दुसऱ्याला अंतराप्रमाणे, तिसऱ्याला अक्षर मोठं हवं होतं. माझं डोकं त्यातच गेलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले.

साधारण आठवड्यानं एक बाई कचेरीत आल्या. साठीच्या, उन्हानं रापलेल्या, हातात तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन. नाव साळूबाई. खांबगव्हाणच्या वर टेकडीवर त्यांची धनगरांची वस्ती होती.

"साहेब, आमच्याकडं टँकर येईना," त्या ढाकणेसाहेबांना म्हणाल्या.

ढाकणेसाहेबांनी यादी काढली. खांबगव्हाणखाली गावठाण होतं, मधली वस्ती होती, ओढ्याकाठची वस्ती होती. टेकडी नव्हती.

"मावशी, यादीत तुमची वस्तीच नाही. मधल्या वस्तीवर टँकर येतो, तिथून न्या."

"त्ये भरू देत नाय. त्यांचं त्यांनाच पुरंना, त्यास्नी तरी काय बोलावं? दीड कोस उतरायचं आन् रिकामं वर यायचं. मानसं कशी बी राहतील हो. मेंढरांनी काय करावं?"

ढाकणेसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा त्या मोठ्या अक्षराच्या भानगडीत होते आणि वैतागले होते. स्क्रीनवरून नजरही न उचलता मी म्हणाले, "यादी कॉम्प्युटरनं काढलीय. कॉम्प्युटर चुकत नाही, मावशी."

"बरं," म्हणून त्या गेल्या.

चार-पाच दिवसांनी पुन्हा आल्या, तेव्हा सरळ माझ्या टेबलाशी. "बाई, परत येकदा बगा की. आमी हाव तिथं. लई सालापास्नं हाव." मी यादीचं छापलेलं पान घेतलं आणि त्यांच्यासमोर एकेका ओळीवरून बोट फिरवलं. टेकडी नव्हती. मी पान बघितलं, माहिती बघितली नाही. जी गोष्ट यादीत आलेली नाही ती आहे की नाही हे त्याच यादीत शोधणं, ही चूक कॉलेजातल्या पोरानंही केली नसती. मी केली, आणि वर त्यांना म्हणाले, "बघा, तुमच्यासमोरच पाहिलं ना?"

तिसऱ्यांदा त्या वर आल्याच नाहीत. दुपारी नईमभाई माझ्याकडे आले. नेहमीची मस्करी चेहऱ्यावर नव्हती.

"मॅडम, वो मावशी जिन्यापाशी बैठी है. बहू कुएँ में गिरी उनकी. सरकारी दवाखान्यात आणलंय."

मी खाली गेले. साळूबाई पायरीवर बसल्या होत्या. खालच्या शिवारातल्या विहिरीच्या तळाशी थोडं पाणी झिरपत होतं. त्यांची सून कांता ते वाटीवाटीनं भरायला आत उतरली, पाय घसरला आणि खडकावर पडली. मांडीचं हाड मोडलं होतं. साळूबाई तक्रार करायला आल्या नव्हत्या. त्यांना घरी निरोप द्यायचा होता, दवाखान्यात कुणी ओळखीचं नव्हतं आणि एवढ्या शहरात त्यांनी पाहिलेली तोंडं आमचीच होती.

"येक फोन लावून द्या," त्या म्हणाल्या, "तेवढं काम करा."

मी फोन लावून दिला. मग वर जाऊन मी यादी बाजूला ठेवली आणि तलाठ्यानं भरलेली मूळ माहिती उघडली. तालुका, मंडळ, खांबगव्हाण, मधली वस्ती. मधल्या वस्तीच्या डब्यात आणखी एक डबा होता. टेकडी, धनगर वस्ती, माणसं चौपन्न, पुढे मेंढरांचा आकडा. तलाठ्यानं सगळं नीट भरलं होतं. ती वस्ती पाचव्या पातळीवर होती आणि माझा प्रोग्राम चौथीवर थांबत होता.

ती पाचवर का गेली, हे ढाकणेसाहेबांनी मला नंतर सांगितलं. ही मंडळी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन चारणीला बाहेर पडतात आणि मृगाच्या आसपास परततात. ऐन उन्हाळ्यात टेकडीवर दोन-चार म्हातारी माणसंच असायची. म्हणून त्या वस्तीला स्वतंत्र क्रमांक कधी कुणी दिलाच नाही, कागदोपत्री ती खालच्या वस्तीच्या पोटात टाकायची, अशी जुनी वहिवाट होती. त्या साली कुठल्याच जिल्ह्यात चारा नव्हता. सगळे कळप अर्ध्या वाटेवरून परत आले आणि टेकडी ऐन उन्हाळ्यात माणसांनी भरली. तलाठ्याला ते दिसलं होतं.

मी तो चार काढून टाकला. उघडलेल्या डब्यांची नोंद ठेवायचा जो खरा इलाज होता, तो बसून लिहिला. ज्याला मी एक दिवस मागितला होता, ते काम जेवणाच्या सुट्टीत झालं. मला स्वतःचा इतका राग पूर्वी कधी आला नव्हता. नवीन यादी छापली. तिच्यात अकरा ओळी जास्त होत्या. टेकडी एकटी नव्हती, तशा अकरा वस्त्या वेगवेगळ्या गावांच्या पोटात दडलेल्या होत्या.

आता तुम्हाला वाटेल, यादी बदलली, टँकर गेला. कसलं काय! चुकीची यादी एका तासात मंजूर झाली होती. बरोबर यादी मंजूर करून घ्यायला माझा जीव निघाला.

"मॅडम, सही झालीय त्या यादीवर," ढाकणेसाहेब म्हणाले. "आता अकरा वस्त्या वाढल्या म्हटलं, तर वरून विचारतील, त्या कुठून उगवल्या? मी काय सांगू?"

"चूक झाली म्हणून सांगा."

"कुणाची?"

मी मुळेसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "चूक वगैरे लेखी काही द्यायचं नाही. पुढच्या महिन्याच्या यादीत हळूच घाला." पुढच्या महिन्यात! मी फोन ठेवला. नईमभाईंनी कपाट उघडून त्या फुकट गेलेल्या ढिगातला एक कागद माझ्यापुढे ठेवला. पाठीमागे खांबगव्हाण, टँकर, खांबगव्हाण असं छापलेलं होतं.

"लिखो मॅडम," ते म्हणाले, "मेरा क्या, मी तर चाललोच घरी. तुम्ही बघा तुमचं."

मी कोऱ्या बाजूवर लिहिलं, की यादी करताना प्रोग्राम चार पातळ्यांवर थांबवण्याचं काम मी केलं, त्यामुळे अकरा वस्त्या गळाल्या, यात कचेरीचा किंवा तलाठ्यांचा दोष नाही. खाली नाव लिहिलं, सही केली. ढाकणेसाहेबांनी तो कागद दोनदा वाचला, फाइलला लावला आणि मोठ्या साहेबांकडे गेले. संध्याकाळी नवीन यादी मंजूर झाली. मुळेसाहेबांनी मला महिन्याभरात त्या कामावरून काढून एका शाळेच्या हजेरीच्या प्रोग्रामवर टाकलं. नोकरी गेली नाही, एवढंच.

टेकडीवर पहिला टँकर गेला तेव्हा मी ड्रायव्हरशेजारी बसून गेले. मला कुणी जायला सांगितलं नव्हतं. वर सगळं माळरान होतं, एक चिंचेचं झाड आणि त्याखाली बसलेली मेंढरं. त्यांना उठून उभं राहायचीही ताकद नव्हती. काही कोकरं आधीच गेली होती, ती किती हे मी विचारलं नाही. बाया हंडे घेऊन धावल्या. साळूबाई माझ्याजवळ आल्या.

"तुमचा कॉम्प्युटर चुकत नाय म्हनला व्हता तुमी."

"कॉम्प्युटर नाही चुकला, मावशी. मी चुकले. तुमची वस्ती आत होती, मी तिथपर्यंत गेलेच नाही."

"मंग त्या दिशी तसं का म्हनलात?"

कामात होते, वैतागले होते, हे काय उत्तर आहे? त्यांनी भरलेल्या हंड्यातून एक तांब्या काढून माझ्यापुढे धरला. मी नको नको म्हणत होते.

"घ्या," त्या म्हणाल्या, "लांबून आलाव. आदी पावन्याला."

मी ते पाणी प्यायले. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

त्यानंतर मी एक नियम केला. माझा कुठलाही प्रोग्राम मध्येच कुठे थांबला, तर त्यानं तिथे छापायचं, 'इथे थांबलो आहे, आत आणखी आहे.' गिऱ्हाइकं कुरकुरायची. पान खराब दिसतं, म्हणायची. करीमशेठनी तर 'अब ये क्या नया लफडा' म्हणून डोकं धरलं. मी कुणाचंच ऐकलं नाही. हाताखालच्या मुलामुलींनाही हेच शिकवलं. तरी त्यातली निम्मी अजून कुठेतरी 'तात्पुरतं' असं लिहून पुढे जात असणार, याची मला खात्री आहे.

मी निवृत्त झाले. मुळेसाहेबांची कंपनी बंद झाली, पण तो प्रोग्राम त्या कचेरीत अजून चालू आहे. सरकारी कचेरीत एकदा बसलेली गोष्ट सहजासहजी उठत नाही. गेल्या उन्हाळ्यात मला तिथून फोन आला. तिथल्या नव्या साहेबांना माझा नंबर कुठल्याशा जुन्या फाइलीत मिळाला होता.

"मॅडम, एक वस्ती यादीतून काढायची आहे. काढता येत नाहीये. खांबगव्हाण, टेकडी."

"का काढायची?"

"तिथं कोणी नाही आता. टेकडी फोडून रस्ता गेलाय, खाली कंपन्यांचे प्लॉट पडलेत. लोकसंख्या शून्य आहे."

"तुम्ही जाऊन बघितलं का?"

"जायचं कशाला मॅडम? कॉम्प्युटरवर शून्य दाखवतंय."

मी त्यांना म्हटलं, दोन दिवस काही करू नका, मग काढायची पद्धत सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी धरली. फाट्यावर उतरले, तर काही ओळखूच येईना. चौपदरी रस्ता होता, त्याला लागून लांबच लांब पत्र्याचं कुंपण. टेकडीचा अर्धा भाग खरोखरच गेला होता. उरलेल्या अर्ध्या भागाला वळसा घालून मी मागच्या बाजूला गेले. चिंचेचं झाड नव्हतं. पण कुंपणापलीकडे पत्र्याची सात-आठ घरं होती, दोरीवर लुगडी वाळत होती आणि काट्यांच्या वाड्यात मेंढरं होती, पूर्वीपेक्षा कमी. मी तिथूनच साहेबांना फोन केला आणि सांगितलं, की माणसं आहेत, काढू नका, मोजायला कुणाला तरी पाठवा. ते म्हणाले, "बघतो." मी म्हटलं, "बघतो नाही, मी उद्या कचेरीत येऊन बसते."

एका घराच्या दारात पस्तिशीची बाई गहू निवडत होती. माझं बोलणं ऐकून तिनं मान वर केली आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. साळूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्याचं तिनंच नंतर सांगितलं.

"तुमी त्या कॉम्प्युटरवाल्या बाई ना?" ती म्हणाली. "सासूबाईंनी सांगितल्यालं. आता परत काय चुकलं?"

"अजून नाही," मी म्हटलं. "या वेळी आधी बघायला आले."

"बसा," ती म्हणाली. सूप बाजूला ठेवलं, दाराच्या चौकटीला धरून कांता उठली आणि उजवा पाय ओढत माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली.